दुसऱ्या दिवसाची खिचडी

मी काय काम करते हे आमच्या घरात कुणालाही नीट सांगता येत नाही. आई म्हणते, "ती पुलापलीकडे जाते." भाचा मित्रांना सांगतो, "मावशी एनजीओमध्ये आहे." खरं तर मी कुठल्या एनजीओची नोकर नाही. कागदोपत्री मला फॅसिलिटेटर म्हणतात. लखनौला प्रशिक्षण झालं तेव्हा तिथल्या बाईंनी त्याला सहजकर्ता असा हिंदी शब्द सांगितला होता. त्यात सहज काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

मी मूळची गाणारी. काशीत दुर्गाघाटावर आमचं घर. वडील याज्ञिकी करायचे. मुलीने गाणं शिकावं याला त्यांची ना नव्हती, मुलीने गाण्यावर पोट भरावं याला होती. मी दोन्ही केलं. विद्यापीठातून संगीतात एम. ए. झाले, मुलींच्या इंटर कॉलेजात वर्षानुवर्षं यमन आणि भूप शिकवले, आणि दर वर्षी त्याच स्वागतगीतावर त्याच नेत्यांचे सत्कार पाहिले. लग्न केलं नाही. त्याला मोठं कारण नव्हतं. जी स्थळं आली त्यांना गाणारी नको होती, आणि जी आली नाहीत त्यांचं मला माहीत नाही.

पन्नाशीच्या आसपास मला त्या नोकरीचा उबग आला. बाकावर बसलेल्या मुलींपैकी अर्ध्या परीक्षेपुरतं शिकत. ज्या खरंच गात त्यांची लग्नं ठरत आणि त्यांचं गाणं मुंडावळ्यांबरोबर सुटून जाई. एका संस्थेने विचारलं, गावातल्या शाळांत जाऊन मुलांना गाणं शिकवाल का, आयांचे गट बांधाल का, जातीपातीवर बोलतं कराल का. मी हो म्हटलं. आईने कपाळाला हात लावला.

तर माझी शाळा रामनगरच्या पुढे, सडकेवरून आत गेल्यावर लागते. सरकारी प्राथमिक शाळा. मी सकाळी मैदागिनपर्यंत चालत जाते, तिथून ऑटोने लंका नावाच्या चौकापर्यंत, मग गंगेवरचा पूल, मग रामनगरला बॅटरीची रिक्षा, जिला इथे टोटो म्हणतात. हार्मोनियम मांडीवर. टोटोवाल्यांना वाटतं मी कीर्तनवाली आहे आणि ते मला चौकात उतरवून पुण्य कमावतात. तिथून आत मी आणि हार्मोनियम, दोघी पायी.

शाळेत दुपारचं जेवण शिजतं. शिजवणाऱ्या बायकांना रसोइया म्हणतात. या शाळेत दोन होत्या. एक म्हातारी, ती चुलीपाशी. दुसरी तिशी-पस्तिशीची विधवा, दक्खिन टोल्यातली. दक्खिन टोला म्हणजे गावाची दलित वस्ती. या भागात ती नेहमी गावाच्या दक्षिणेला असते. ही दुसरी तांदूळ निवडायची, भांडी घासायची, अंगण झाडायची. नेमणूक दोघींची एकच होती, पण चुलीला तिचा हात लागत नव्हता. तसं कुणी लिहून दिलेलं नव्हतं. तसं लिहून द्यायची या देशात गरज पडत नाही.

मग म्हातारीचा मुलगा तिला सुरतेला घेऊन गेला, आणि ही चुलीपाशी आली. पहिल्या दिवशी तिने वरणभात केला. दुसऱ्या दिवशी अर्ध्या पोरांच्या दप्तरात घरचे डबे आले. भांडण नाही, शिवीगाळ नाही. पोरं डबे घेऊन हापशाच्या ओट्यावर जाऊन बसली, आणि उरलेली पोरं व्हरांड्यात. मधे अंगण. तिसरीतली एक मुलगी होती, गळ्याची गोड, माझ्या वर्गात कायम हार्मोनियमला चिकटून बसायची. तीही ओट्यावर गेली. तिचे आजोबा पालकांच्या समितीचे अध्यक्ष.

ही समितीच दर वर्षी नवं सत्र सुरू होताना रसोइया ठरवते. डबे आणणारी पोरं वाढत गेली तर ही बाई राहणार नाही, हे उघड होतं. मानधन तुटपुंजं, पण त्यावर तिचं घर चालत होतं, आणि त्याहून मोठं म्हणजे गावात तिला एक जागा होती. मी ऐकल्याबरोबर भडकले. कायदा आहे, कलमं आहेत, तक्रार करू, म्हणून मुख्याध्यापिकेच्या टेबलावर हात आपटला. मुख्याध्यापिका बनारसची, मनाने चांगली, पण बदलीच्या भीतीने कायम अर्धी झालेली. ती म्हणाली, "तक्रार केली तर ते मुलं काढून इंग्लिश मीडियममध्ये घालतील. पट उतरला की रसोइयाही एक कमी."

मी त्या बाईकडे पाहिलं. ती पातेलं घासता घासता थांबली आणि म्हणाली, "केस मत करिए, बहिनजी. आप तो चली जाएँगी. हमें यहीं रहना है."

मग मी मला शिकवलेलं काम केलं. शनिवारी दुपारी आयांचा गट बसवला. तक्त्यावर माणसाचं चित्र, रक्त सगळ्यांचं लाल, वगैरे. बायका आल्या, घुंघट सारखे करून आपापल्या टोल्याप्रमाणे, म्हणजे वस्तीप्रमाणे, बसल्या, आणि माझ्याकडे बँकेच्या रांगेत उभं राहिल्यासारख्या पाहत राहिल्या. जागृतीची गाणी शिकवली. बायकांनी ती म्हटली, पण अशी, की औषध घेतायत. पालथ्या घड्यावर पाणी. चिडचिड व्हायची माझी. इतकी वर्षं मी पोरींच्या गळ्यातून सूर काढला होता, आणि इथे एक ओळ धड निघेना.

गटात अध्यक्षांची सूनही यायची, त्या तिसरीतल्या मुलीची आई. सासू वारलेली, नवरा गुजरातेत, घरात ती, मुलगी आणि सासरे. गाण्याची हौस म्हणून यायची. घुंघट हनुवटीपर्यंत. गावात तिचं तोंड कुणी पुरुषाने पाहिलं नसेल, आणि सासऱ्यासमोर तर ती बोलतसुद्धा नसे. काही हवं असेल तर मुलीला पुढे करून सांगे, "बाबा से कहो, नमक खतम है."

एका शनिवारी गाणं संपल्यावर एकीने भूजा काढला. भाजलेले चणे, लाह्या, वर मीठ-मिरची. मला पुढ्यात वाढलं आणि मी पहिला घास उचलणार, तेवढ्यात मागून कुणीतरी ढोलकीवर थाप मारली आणि सगळ्या एकदम सुरू झाल्या:

"काशी से अइली समधिन, काँखे में हरमुनिया,
दुलहा खोजत पुल पे ठाढ़ी, हँसे रामनगर के दुनिया."

म्हणजे, काशीहून विहीणबाई आल्या, काखेत पेटी; नवरा शोधत पुलावर उभ्या, सगळं रामनगर हसतंय. पुढच्या ओळी मी लिहीत नाही. माझ्या आईला वाचून दाखवायची वेळ आली तर पंचाईत होईल.

मी आधी चक्रावले आणि मग इतकी हसले की मिरची नाकात गेली. हीच ती गारी. या भागात लग्नात वऱ्हाड जेवायला बसलं की मुलीकडच्या बायका आडून नावं घेऊन शिव्या गातात, विहिणीच्या, व्याह्याच्या, सगळ्या गणगोताच्या. आमच्याकडे पंगतीत श्लोक म्हणतात, इथे शिव्या गातात. मी काशीत जन्मले, गारी लांबून ऐकली होती, पण ती मला कुणी दिली नव्हती. ती द्यायला नातं लागतं. सुनेनेच मला समजावलं, घुंघटाआडून: ज्याला आपलं मानलं त्यालाच गारी. वऱ्हाडाला गारी दिली नाही तर ते रुसतं, घास उचलत नाही. आणि गारी ऐकून जो चिडला तो हसं करून घेतो. चिडायचं नसतं, जेवायचं असतं.

मला आणखी एक दिसलं. गाताना बायका टोल्याप्रमाणे बसलेल्या नव्हत्या. ढोलकी जिच्या हातात होती तिच्याभोवती सगळ्या सरकल्या होत्या, आणि सगळ्यांत वरचा, चरचरीत आवाज लावत होती ती रसोइया. तो आवाज माझ्या कॉलेजात आला असता तर मी त्याला मागच्या रांगेत बसवलं असतं.

वार्षिकोत्सव जवळ आला होता. त्या दिवशी पालकांना शाळेत जेवण असतं. मी म्हटलं, पालक जेवायला बसले की गारी गाऊ या. रसोइया म्हणाली, "हम उनको गारी देंगे? वो हमारे समधी लगते हैं?"

प्रश्न बरोबर होता. गारी द्यायची म्हणजे नातं सांगायचं. दक्खिन टोल्यातल्या बाईने अध्यक्षांना गारी द्यायची म्हणजे तुम्ही आमचे व्याही असं म्हणायचं. याच्यासाठी डोकी फुटतात. तेव्हा सून हळूच म्हणाली, "स्कूल लड़कीवाला है. जो खाने आए, वो बाराती." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पदरात तोंड घालून हसायला लागल्या. ठरलं. मुख्याध्यापिकेला मी "पारंपरिक लोकगीत" एवढंच सांगितलं.

वार्षिकोत्सवाच्या दिवशी सकाळपासून पुऱ्या तळल्या गेल्या. लाल भोपळ्याची भाजी, इथे तिला कोंहड़ा म्हणतात, आणि बाजारातली बुंदी. स्वयंपाक रसोइयानेच केला. हाताखाली दोघी-तिघी होत्या. सगळ्यांना ते माहीत होतं. नाच झाले, भाषणं झाली, माझ्या पोरांनी देशभक्तीपर गीत बऱ्यापैकी सुरात म्हटलं. मग व्हरांड्यात सतरंज्या पडल्या आणि पुरुष पत्रावळींवर बसले. अध्यक्ष मधोमध. ते आले हेच खूप होतं. पण पुरी वाढली तरी हात गुडघ्यांवरच. त्यांच्या उजव्या-डाव्या बाजूंचेही हात गुडघ्यांवर.

स्वयंपाकघराच्या जाळीआडून ढोलकी वाजली.

"समधी अइलन जेंवे खातिर, मुँहवा पे लगल बा ताला,
पेटवा में मूस कूदत हउवे, हथवा में फेरें माला."

व्याही जेवायला आले, तोंडाला कुलूप. पोटात उंदीर उड्या मारतायत आणि हात माळ जपतोय. मूळ गारीत जिथे नाव घालतात तिथे बायकांनी अध्यक्षांचं नाव घातलं. मग त्यांच्या शेजारचा एक जाडा गृहस्थ फिस्कन हसला. त्याचं पाहून दुसरा. जाळीआड रसोइयाचा आवाज वर चढला, पुढच्या ओळीत जाड्या गृहस्थाचा समाचार घेतला, आता अध्यक्ष हसले. मिशीत हसले, पण हसले. आणि त्यांनी पुरीचा तुकडा मोडला.

त्यांनी खाल्लं म्हणून सगळ्यांनी खाल्लं. बुंदी दोनदा वाढली. रसोइया जाळीला कपाळ टेकवून बघत होती. मी तिच्या पाठीवर थाप मारली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला बोलू. घरी येताना टोटोत बसून मी मोठ्याने गात होते आणि टोटोवाल्याला वाटलं कीर्तन आजच आहे.

घरी आले आणि चपला काढायच्या आत आईला सगळं सांगितलं. आईला आता नीट ऐकू येत नाही, पण गोष्ट ऐकायची असली की येतं. ती वाती वळत होती. सगळं ऐकून तिने विचारलं, "जेवायला काय होतं गं?"

"पुरी, कोंहड्याची भाजी, बुंदी."

"मग पुरीच खाल्ली ना." आई वात वळतच राहिली. "पुरीला काय होतंय? तळलेली. ती पक्की रसोई. पुरी खायला कोण मना करतं? भात खाल्ला असता तर सांग."

मी होते तिथेच बसले. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढले. लाडू, चिवडा, शेव कुणीही आणून दिलेली आमच्याकडे चालायची. भात मात्र सोवळ्यातल्याच हातचा. पाण्यात शिजवलेलं ते कच्चं, त्याला विटाळ लागतो. तुपातेलात तळलेलं ते पक्कं, त्याचं तितकं नाही. सारेगम यायच्या आधी मला हे येत होतं. आणि समतेचं काम करायला निघालेल्या मला, त्या शाळेत सगळ्यांत जास्त बोलणाऱ्या मला, तळलेल्या पुरीवर सगळ्या गावाचा निकाल लावावासा वाटला. असली चूक दुर्गाघाटावरच्या भटाच्या मुलीनेच करावी. दुसऱ्या कुणाला पुरी आणि भात यांतला फरक इतका पाठ नसता, आणि इतका पाठ असून तो विसरायची इतकी घाईही नसती.

"आई, पण त्यांनी गारी ऐकली."

"ऐकली असेल. गारी ऐकायला काय सोवळं लागतं?"

सोमवारी अध्यक्षांची नात डबा घेऊन आली. हापशाच्या ओट्यावर पूर्वीइतकीच पोरं. मुख्याध्यापिकेने मला बोलावून सांगितलं की अध्यक्ष येऊन गेले. अगदी गोड बोलले. म्हणाले, बाई चांगली आहे, पुरी छान करते, सणासुदीला तिलाच सांगा. रोजच्या दाल-भाताला दुसरी पाहिली आहे, अध्यक्षांच्याच टोल्यातली. समितीची बैठक पुढच्या आठवड्यात. हिला भांड्यांना ठेवू, ठेवता आलं तर.

मी रसोइयाला काय तोंड दाखवणार होते? तरी गेले. ती पातेलं घासत राहिली. त्याचंच जास्त वाटलं. शनिवारच्या गटात ती आली, एका कोपऱ्यात बसली आणि ढोलकीला हात लावला नाही. बायका पुन्हा आपापल्या टोल्याप्रमाणे बसल्या होत्या. मी सगळं सांगून टाकलं, पुरीचं, माझ्या आईचं, सगळं. त्यावर गटातली एक म्हातारी, जिला सगळ्या काकी म्हणत, खोखो हसली. "अरे, पूड़ी तो रात की बात है. ब्याह पूरा होता है दूसरे दिन, खिचड़ी पर."

मला ती रीत माहीत नव्हती, ती अशी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवरदेवापुढे मुलीच्या घरी खिचडी ठेवतात. कच्चं अन्न. तो आधी रुसून बसतो, मनवावं लागतं, आणि मग तो खिचडीला हात लावतो. एकदा खिचडी खाल्ली की सोयरीक पक्की. रात्री पुरी खाल्ली आणि सकाळी खिचडी नाकारली तर तो अपमान, वरात भांडून उठली असं समजायचं.

"तो खिचड़ी रखो," काकी म्हणाली. "बारात ने पूड़ी खाई है कि नहीं?"

बायका हसल्या, पण थोड्याच. रसोइया म्हणाली, "और नहीं खाई तो?" अध्यक्षांची सून मुलीची वेणी सोडून पुन्हा घालत बसली होती.

मुख्याध्यापिकेने बैठकीच्या दिवशी जेवणात खिचडी करायला परवानगी दिली. काय चाललंय हे तिला या वेळी बरोबर कळलं होतं, आणि तरी दिली, हे मी सांगितलं पाहिजे.

बैठक व्हरांड्यात होती. पुरुष खुर्च्यांवर, बायका खाली, खांबांच्या आडोशाने. रसोइयाने खिचडीचं पातेलं आणून अंगणाच्या कडेला ठेवलं. थाळ्या मांडल्या. काकीने ढोलकी मांडीवर घेतली. ठरल्याप्रमाणे आता गारी सुरू व्हायची होती.

ती सुरू झाली नाही. काकीने थाप मारली, दोन-तीन बायकांनी तोंडं उघडली, आणि आवाजच निघाला नाही. त्या दिवशी उत्सव होता, आज बैठक होती. अध्यक्षांचा चेहरा दगडी होता. त्यांना डाव कळला होता. ढोलकी थोडा वेळ एकटीच वाजली आणि थांबली. गाणं न निघणं मी आयुष्यभर वर्गात पाहिलं आहे, पण इतकं वाईट मला कधी वाटलं नाही.

अध्यक्ष मला म्हणाले, "बहिनजी, आप तो दुर्गाघाट के दक्षिणी पंडित की बेटी हैं. आप खाएँगी?" आम्हा मराठी ब्राह्मणांना काशीत दक्षिणी म्हणतात.

मी थाळी घेतली आणि खिचडी खाल्ली. गरम होती, मीठ जरा जास्त होतं. खाताना मला वाटलं, आता काम झालं.

"आपका क्या है," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "आप शाम को पुल पार कर जाएँगी."

मला राग आला, आणि तो राग गिळावा लागला, कारण ते बरोबर बोलत होते. मी खिचडी खाल्ल्याने त्या गावात काहीच हललं नव्हतं. माझ्या ताटाला मोल नव्हतं. रसोइया पातेल्यापाशी उभी होती, पळी हातात, मान खाली. अध्यक्षांनी मुख्याध्यापिकेला विषय पुढे घ्यायला सांगितलं. नव्या बाईचं नाव तिला सांगायला सुरुवातही केली.

तेवढ्यात खांबाआडून सून उठली. घुंघट छातीपर्यंत ओढलेला. अंगण ओलांडून पातेल्यापाशी गेली, खाली बसली, मांडलेल्यातली एक थाळी उचलली आणि पुढे धरली.

रसोइयाची पळी हवेतच राहिली. "बहू, सोच लो," ती पुटपुटली.

थाळी पुढेच राहिली. रसोइयाने वाढलं. सुनेने घुंघटाआड घास नेला, मग दुसरा.

मला समजायला वेळ लागला. बाकीच्यांना लागला नाही. सगळे पुरुष तिच्याकडे नाही, अध्यक्षांकडे बघत होते. त्या घरात दुसरी बाई नव्हती. अध्यक्षांचा संध्याकाळचा भात ती शिजवायची, उद्याचा तीच शिजवणार होती, परवाचाही. दक्खिन टोल्याच्या हातची खिचडी जिने खाल्ली तिच्या हातचं आता त्यांनी खायचं, की या वयात स्वतः चूल पेटवायची, की सुनेला माहेरी धाडून सगळ्या गावाला कारण सांगायचं? व्हरांड्यात फक्त थाळीवर बोटं फिरल्याचा आवाज होता.

अध्यक्षांनी एकदा सुनेच्या थाळीकडे पाहिलं. मग मुख्याध्यापिकेला म्हणाले, "लिख लीजिए. जो बना रही है, वही बनाएगी." खिचडीला त्यांनी हात लावला नाही. खुर्चीवरून उठले आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसून बूट चढवायला लागले. वाकताना त्यांना त्रास होत होता. एरवी अशा वेळी कुणीतरी मदतीला धावलं असतं, पण कुणी जागचं हललं नाही.

रसोइयाने हलक्या आवाजात सुनेला विचारलं, "और?"

सून सासऱ्यापासून चार हातांवर बसली होती. मुलगी मागोमाग येऊन शेजारी बसली होती, पण तिने मुलीला पुढे केलं नाही. मान वर केली आणि पायरीपर्यंत नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हाँ दीदी. थोड़ी और दीजिए."